नाट्यगृहाची वही उघडी ठेवा

सोलापुरात काही होत नाही, ही तक्रार खरी नाही. हुतात्मा स्मृती मंदिर, डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह, हिराचंद नेमचंद वाचनालयाचं किर्लोस्कर सभागृह आणि अ‍ॅम्फी थिएटर, शिवस्मारक, रंगभवन. पावसाळा सरला की यांपैकी कुठे ना कुठे एकांकिका असते, शास्त्रीय गायनाची बैठक असते, मुशायरा असतो, कन्नड वचनगायन (शिवशरणांच्या वचनांचं गायन) असतं, नृत्यवर्गाचं वार्षिक सादरीकरण असतं. आणि यातलं निम्मं आपल्याला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या फोटोवरून कळतं. फोटोत दीपप्रज्वलन करणारे सात जण असतात आणि मागे रिकाम्या खुर्च्या दिसतात. मग 'सोलापुरात रसिक उरला नाही' असं बोललं जातं. ज्याला कार्यक्रम आहे हेच कळलं नाही, त्याला अरसिक ठरवणं अन्यायाचं आहे.

माझं म्हणणं एकच आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक नाट्यगृहाने आणि सभागृहाने आपली तारखांची वही लोकांसमोर ठेवावी. पुढच्या 90 दिवसांत कोणत्या तारखेला, कोणत्या सत्रात, कोणाचा, कोणता कार्यक्रम आहे आणि कोणतं सत्र रिकामं आहे, हे कोणालाही न विचारता दिसलं पाहिजे. ही वही आजही असते. कार्यालयातल्या टेबलावर असते, एका कर्मचाऱ्याच्या हाताखाली असते, आणि ती पाहायला प्रत्यक्ष जावं लागतं किंवा ओळख लागते. महापालिका 1964 साली स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. एवढ्या मोठ्या गावाच्या सांस्कृतिक जीवनाचा सगळा हिशेब एका बंद वहीत असावा, हे पटण्यासारखं नाही.

या बंद वहीमुळे नेमकं काय बिघडतं, ते नीट पाहिलं पाहिजे.

पहिला फटका बसतो तारखांना. शास्त्रीय संगीताला नियमाने येणारा श्रोता कोणत्याही मध्यम शहरात मोजकाच असतो, आणि तो बहुतेक एकमेकांच्या ओळखीचा असतो. दोन संस्थांनी नकळत एकच शनिवार धरला की तोच श्रोता दोन ठिकाणी वाटला जातो आणि दोन्ही कलाकारांना अर्धं सभागृह मिळतं. कोणी मुद्दाम केलेलं नसतं. दोघांनाही दुसऱ्याची तारीख पत्रिका छापून झाल्यावर कळते, आणि तोवर कलाकाराचं रेल्वेचं आरक्षण झालेलं असतं, सभागृहाची रक्कम भरलेली असते. आता मागे कोणी सरायचं?

दुसरा फटका प्रेक्षकाच्या खिशाला. व्यावसायिक नाटकाचं तिकीट 300 रुपये धरलं तर चौघांच्या घराला 1,200 रुपये लागतात. जाण्यायेण्याची रिक्षा वेगळी. कारखान्यात, दुकानात किंवा आठवडी पगारावर काम करणारं कुटुंब हे पैसे परवाच्या कार्यक्रमासाठी आज काढू शकत नाही. तीन आठवडे आधी कळलं तर काढतं. लग्नाच्या आहेराचे, जत्रेचे पैसे लोक आधीपासून बाजूला ठेवतातच, कारण तारीख माहीत असते. मकरसंक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वर यात्रेत सम्मती कट्ट्यावर अक्षता पडणार, नंदीध्वज निघणार, होम मैदानावर गड्डा म्हणजे जत्रा भरणार, हे कोणाला सांगावं लागत नाही. त्यासाठी नोकरीनिमित्त पुण्यामुंबईला गेलेली मुलं रजा टाकून येतात. नाटकालाही लोक रजा टाकून येतील असं मी म्हणत नाही. पण शनिवारची संध्याकाळ मोकळी ठेवायची तर शनिवार आला की कळून उपयोग नाही.

तिसरा फटका सर्वांत मोठा आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. बाहेरची नाटकं सोलापूरला का टाळतात? पुणे साधारण अडीचशे किलोमीटर, मुंबई चारशेच्या पुढे. एवढ्या लांब एका प्रयोगासाठी येणं कोणत्याही निर्मात्याला परवडत नाही. नाटक दौऱ्यावर निघतं: सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुढे लातूर किंवा धाराशिव. कलाकारांची बस आणि नेपथ्याचा टेम्पो रात्री प्रवास करतात, सकाळी पोचतात. नेपथ्य उभारायला, प्रकाशाचे दिवे टांगून त्यांचा रोख जुळवायला आणि ध्वनी तपासायला चार-पाच तास लागतात. म्हणजे रात्री साडेनऊच्या प्रयोगासाठी रंगमंच दुपारी तीन-चारपासून तरी मोकळा हवा. सभागृह सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांनी दिलं जातं. रात्रीचं सत्र नाटकाला दिलं आणि दुपारचं सत्र शाळेच्या स्नेहसंमेलनाला दिलं, की स्नेहसंमेलन लांबतं, बक्षिसं वाटून होत नाहीत, आणि नेपथ्याची माणसं विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूला, सामान घेऊन उभी राहतात. तिसरी घंटा पाऊण तास उशिरा होते. प्रेक्षक नाटकाच्या व्यवस्थापकावर चिडतो, व्यवस्थापक सोलापूरवर चिडतो, आणि पुढच्या दौऱ्यात यादीतून आपलं नाव गळतं.

वही उघडी असली तर हाच व्यवस्थापक पुण्यात बसून पाहील की दुपारचं सत्र आधीच गेलेलं आहे. तो दुसरी तारीख घेईल किंवा दोन्ही सत्रांचं भाडं भरून दुपारही स्वतःकडे ठेवेल. दौऱ्याची आखणी दोन-अडीच महिने आधी होते. त्या वेळी फोनवर 'अर्ज द्या, मग बघू' असं उत्तर मिळालं, तर तो पुढच्या शहराला फोन लावतो.

वहीबरोबर सभागृहाची तांत्रिक माहितीही उघडी हवी. हा एक कागदाचा तुकडा आहे, पण त्याच्या नसण्याने होणारं नुकसान मोठं आहे. त्यावर काय असावं ते स्पष्ट लिहितो. रंगमंचाच्या दर्शनी चौकटीची रुंदी आणि उंची. पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली. दोन्ही विंगांत किती फूट जागा आहे. दिवे टांगायचे आडवे बार किती, ते खाली येतात की शिडी लावावी लागते. विजेचा मंजूर भार किती किलोवॅट, तीन फेज (विजेच्या वेगळ्या वाहिन्या) आहेत का, आणि ध्वनीसाठी वेगळी फेज मिळते का. जनरेटर आहे का, असल्यास तो फक्त सभागृहातले दिवे आणि पंखे चालवतो की रंगमंचाचा भारही घेतो. रंगपट (रंगभूषेच्या खोल्या) किती, त्यांत आरसे आणि पाणी आहे का. टेम्पो मागच्या दारापर्यंत येतो का, त्या दाराची रुंदी किती. चाकाच्या खुर्चीला उतरण आहे का, स्वच्छतागृह कोणत्या बाजूला.

यातली ध्वनीच्या फेजची गोष्ट किरकोळ वाटेल, पण संगीताचे कितीतरी कार्यक्रम तिथेच नासतात. दिवे मंद-तेज करणारे डिमर आणि ध्वनीचा मिक्सर एकाच फेजवर असले, की दिवे मंद करताना स्पीकरमधून गुणगुण सुरू होते. अर्थिंग कच्चं असेल तर ती वाढते. तानपुऱ्याचा सूर आणि ही गुणगुण एकमेकांत मिसळली की गायकाला स्वतःचा षड्ज (सा) नीट ऐकू येत नाही. मग तो ध्वनिव्यवस्थापकाला खुणा करत राहतो आणि पहिली पंधरा मिनिटं वाया जातात. उपाय सोपा: ध्वनीला वेगळी फेज, वेगळं अर्थिंग, आणि माइकच्या तारा दिव्यांच्या तारांना समांतर न नेता जिथे ओलांडाव्या लागतील तिथे काटकोनात ओलांडणं. पण हे आधी माहीत असलं तरच तयारी होते. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार वाजता कळलं तर फक्त धावपळ होते. हीच गोष्ट तबल्याची. वातानुकूलन चालू असलेल्या सभागृहात बाहेरच्या उन्हातून आणलेला तबला लगेच सुरात राहत नाही. वाद्यं किमान तासभर आधी आत आणून ठेवावी लागतात, म्हणजे सत्र सुरू होण्याआधी दार उघडायला कोणी तरी हवं. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर हे पाळावंच लागतं.

आता प्रेक्षकासाठी त्या वहीत काय दिसावं. कार्यक्रमाचं नाव, भाषा, प्रकार. सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ. तिकीट किती, कुठे मिळेल, की प्रवेश मोफत. मुलांना आणता येईल का. संयोजकांचा संपर्क. बस्स. यातली संपण्याची वेळ आपल्याकडे कोणी छापत नाही, आणि तीच बायकांना, वयस्कांना, नीलमनगर किंवा जुळे सोलापूरहून येणाऱ्यांना सगळ्यांत जास्त हवी असते. रात्री शहर बसचा भरवसा नसतो. परतीची रिक्षा किती वाजता ठरवायची, हे कळल्याशिवाय अनेक घरांतून बाहेर पडण्याचा निर्णयच होत नाही.

सुरू होण्याची वेळही खरी असावी. साडेसहाची पत्रिका, सव्वासातला पाहुणे, आठपर्यंत सत्कार आणि मनोगतं, मग कलाकार. या सवयीने प्रेक्षकालाही उशिरा यायला शिकवलं आहे. जो साडेसहाला येतो त्याला वेळेवर आल्याची शिक्षा होते. म्हणून वहीत 'औपचारिक भाग' आणि 'प्रत्यक्ष सादरीकरण' अशा दोन वेळा वेगळ्या नोंदवाव्यात. सत्कार ज्यांना पाहायचे आहेत ते साडेसहाला येतील, गाणं ऐकायला येणारा सव्वासातला येईल आणि गाणं त्याच मिनिटाला सुरू होईल. देणगीदारांचा मान राखायलाच हवा, त्यांच्याशिवाय कार्यक्रम होत नाहीत. पण तो दहा मिनिटांत राखता येतो.

उघड्यावरच्या कार्यक्रमांना वेळेचं गणित आणखी कडक आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देता येते, आणि हे दिवस बहुतेक गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या आणि वर्षअखेर यांत संपतात. म्हणजे रंगभवनसारख्या खुल्या जागी तीन तासांची मैफल ठेवायची तर ती साडेसहालाच सुरू झाली पाहिजे. सव्वासातला सुरू झालेली मैफल दहाला अर्ध्यावर तोडावी लागते, समारोपाची भैरवी राहून जाते आणि पोलिसांना दोष दिला जातो. दोष त्या पाऊण तासाचा असतो. बंदिस्त सभागृहात आवाज आतच राहत असेल तर ही अडचण येत नाही. म्हणून रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या मैफली आत आणि लोककलेचे, मुलांचे कार्यक्रम बाहेर, अशी वाटणी वही पाहून करता येईल. सवलतीचे दिवस कोणते जाहीर झाले आहेत, तेही वहीच्या पहिल्या पानावर असावेत.

भाषेबद्दल विशेष बोललं पाहिजे. हे शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलतं. शाहीर रामजोशींची लावणी या मातीतली, आणि हुतात्मा स्मृती मंदिर ज्यांच्या स्मरणाने उभं आहे ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन 12 जानेवारी 1931 रोजी एकाच दिवशी फाशी गेले. त्या चार नावांत हे सगळं शहर आलं. पण आपले कार्यक्रम मात्र चार वेगळ्या वाटांनी जातात. पूर्व भागातल्या तेलुगू संस्थेचा कार्यक्रम होटगी रोडला कळत नाही. मुशायऱ्याची बातमी मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत येत नाही. मराठी एकांकिकेचा फलक कन्ना चौकात, अशोक चौकात लागत नाही. कव्वाली ऐकायला उर्दू वाचता यावं लागत नाही, आणि वचनगायनाचा ठेका कन्नड न येणाऱ्यालाही धरून ठेवतो. तेव्हा वही एकच असावी आणि तिचा आठवड्याचा उतारा चारही लिपींत निघावा. हे यंत्राच्या भाषांतरावर सोडू नये. नावं चुकतात, राग 'संताप' होतो, आणि चुकीच्या लिपीतला फलक लोकांना अपमानास्पद वाटतो. आठवड्याला जेमतेम 20-25 ओळींचं काम आहे. महाविद्यालयांच्या भाषा विभागांतले विद्यार्थी मानधनावर ते आनंदाने करतील.

गावाचं स्वतःचं पंचांगही वहीत दाखवावं. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत त्या परिसरात गाडी लावायला जागा नसते, रस्ते वळवलेले असतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, त्या दिवशी पूर्व भागातला प्रेक्षक येणार नाही. एप्रिलमध्ये डॉ. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका असतात. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीचे. राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्राचे प्रयोग सुरू असले की नाट्यगृह सलग दिवस गुंतलेलं असतं, आणि ते दिवस कधी हे हौशी संघांखेरीज कोणाला ठाऊक नसतं. खरं तर नाममात्र तिकिटात रोज एक नवं नाटक पाहायला मिळण्याचे तेच दिवस. ही यादी महिनाभर आधी घराघरांत पोचली तर त्या प्रयोगांना फक्त दुसऱ्या संघांचे लोक आणि नातेवाईक बसलेले दिसणार नाहीत. आणि हो, पाणी. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात ज्या भागाला संध्याकाळी पाणी येणार, त्या भागातलं निम्मं घर कार्यक्रमाला येत नाही. पाण्याचं वेळापत्रक महापालिकेचं आणि नाट्यगृहही महापालिकेचं. दोन्ही एका पानावर यायला कोणाची परवानगी लागावी?

विरोधात जे म्हटलं जातं, त्यातलं एक म्हणणं वजनदार आहे. तारीख आधी जाहीर केली आणि ऐनवेळी शासकीय बैठकीसाठी किंवा मोठ्या नेत्याच्या कार्यक्रमासाठी सभागृह काढून घेतलं तर संयोजकाची नाचक्की होते, म्हणून तारीख शेवटपर्यंत न सांगणंच शहाणपणाचं, असं संयोजक म्हणतात. ही भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय गुप्तता नव्हे, नियम हवा. पैसे भरलेल्या आणि तिकीट विक्री सुरू झालेल्या कार्यक्रमाची तारीख शेवटच्या 15 दिवसांत निवडणूक किंवा आपत्ती यांखेरीज कोणत्याही कारणाने बदलू नये. बदलली तर पूर्ण भाडं परत, पुढची पसंतीची तारीख विनाशुल्क, आणि वहीत 'का बदलली' याची एक ओळ. ही शेवटची ओळ सगळ्यांत परिणामकारक ठरेल. चारचौघांसमोर कारण लिहावं लागणार हे माहीत असलं की तारखा काढून घेण्याचं प्रमाण आपोआप कमी होतं.

तारखा अडवून ठेवणाऱ्यांचंही बघावं लागेल. काही जण चार-चार शनिवार नुसते नावावर लिहून ठेवतात आणि आठ दिवस उरले की तीन सोडतात. त्यासाठी टप्पे ठरवावेत: अर्ज केल्यापासून 7 दिवसांत 25 टक्के रक्कम, 30 दिवस आधी उरलेली, आणि कार्यक्रमाचं नाव 30 दिवस आधी भरलं नाही तर तारीख मोकळी. सोडलेली तारीख त्याच दिवशी वहीत 'रिकामी' दिसावी, म्हणजे एखादा छोटा नृत्यवर्ग किंवा महाविद्यालयाचा संघ ती घेऊ शकेल.

व्हॉट्सअ‍ॅप आहे की, असंही म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच पुन्हा कळतं. नव्याने गावात आलेला बँक कर्मचारी किंवा विद्यापीठात शिकायला आलेली बार्शीची मुलगी कोणत्याच गटात नसते.

मोफत प्रवेशिकांचा प्रश्नही याच वहीला बांधलेला आहे. सोलापुरात तिकीट काढायची सवय मोडली, ती पासांनी मोडली. संयोजकाला सभागृह रिकामं दिसेल अशी धास्ती असते, म्हणून शेवटच्या चार दिवसांत तो पास वाटतो. ज्याने तिकीट काढलं तो शेजारी पासवाला पाहतो आणि पुढच्या वेळी वाट बघत बसतो. समजा, 500 खुर्च्यांच्या सभागृहात 150 रुपयांचं तिकीट आहे आणि भाडं, ध्वनी, प्रकाश, मानधन, छपाई मिळून खर्च 45,000 आहे. खर्च निघायला 300 तिकिटं खपावी लागतात. विक्री सहा दिवसांची असेल तर रोज 50. विक्री 21 दिवसांची असेल तर रोज 14-15. रोज 15 तिकिटं एखादं पुस्तकांचं दुकान आणि एक नाट्यगृहाची खिडकी मिळून सहज विकतात, आणि मग पास वाटायची वेळ येत नाही. नाटक, नृत्य आणि संगीताच्या कार्यक्रमांना 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे लहान संस्थांनी तिकीट लावायला कचरू नये. कागदपत्रं मात्र आधी करावी लागतात: नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, तिकीट विक्रीसाठी पोलीस आयुक्तालयाचा परवाना, आणि चित्रपटगीतांचा कार्यक्रम असेल तर गीतांच्या हक्कांचं शुल्क. ही कामं शेवटच्या आठवड्यात ढकलली की विक्री सुरू करायलाच उशीर होतो. 60 दिवस आधी तारीख नक्की झाली तर पहिले 30 दिवस कागदपत्रांना आणि पुढचे 30 विक्रीला मिळतात.

हे चालवायला नवं ॲप नको, कंत्राट नको, उद्घाटन नको. कोणालाही पाहता येईल असा एक तक्ता, जो फक्त सभागृहाचा कर्मचारी बदलू शकेल, तोही पैसे भरल्याची पावती फाडताना त्याच जागी बसून. एरवी महिनाभर उत्साहाने चालवलेली अशी पानं बंद पडतात, कारण ती भरणारा माणूस वेगळा असतो आणि त्याला माहिती मागत फिरावं लागतं. पावती आणि नोंद एकाच हाताने झाली पाहिजे. खासगी सभागृहांनी आणि वाचनालयांनी त्याच तक्त्यात आपले रकाने मागून घ्यावेत. दर गुरुवारी सकाळी पुढच्या दहा दिवसांचा उतारा काढायचा आणि तो वर्तमानपत्रांना पाठवायचा, म्हणजे 'आजचे कार्यक्रम' या सदराबरोबर शनिवार-रविवारचेही आधीच छापता येतील. त्याचाच छापील कागद पार्क चौक, नवी पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, सात रस्ता, आसरा चौक, बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन इथे काचेच्या पेटीत लावायचा. उघड्या भिंतीवर चिकटवला तर संध्याकाळपर्यंत त्यावर शिकवणीची जाहिरात येते. आठ पेट्या, चार लिप्या, आठवड्याला 32 कागद.

सुरुवात दिवाळीनंतरच्या हंगामापासून करता येईल. त्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारीच्या तारखा ऑगस्ट अखेरीस उघड्या कराव्या लागतील, हौशी संघांना आणि संगीत संस्थांना 15 सप्टेंबरपर्यंत अर्ज करायला सांगावं लागेल, आणि एकाच तारखेवर दोन अर्ज आले तर दोघांना समोरासमोर बसवून मिटवावं लागेल. नाट्य परिषदेच्या स्थानिक शाखा, संगीत मंडळं आणि चारही भाषांतल्या संस्था यांचे मिळून आठ-दहा प्रतिनिधी एका बैठकीत हे करू शकतात. त्या बैठकीत सभागृहाची वही टेबलावर उघडी हवी आणि ती ज्याच्या ताब्यात असते तो कर्मचारीही खुर्ची घेऊन बसलेला हवा, कारण कोणती तारीख खरोखर रिकामी आहे हे त्यालाच माहीत असतं.